नियम, प्रसंग आणि पळवाट : कॅझुइस्ट्रीचा नीतिविचारातील अर्थ



खोटे बोलू नये, चोरी करू नये, कोणाचा जीव घेऊ नये, या गोष्टी आपणा सर्वांना लहानपणापासून पाठ आहेत. अडचण पाठांतराची नाही. अडचण उभी राहते ती प्रत्यक्ष प्रसंग आल्यावर. अंथरुणाला खिळलेली आई धाकट्या मुलाच्या अपघाताविषयी विचारते, तिला त्याच क्षणी सर्व खरे सांगावे काय? दोन दिवसांच्या उपाशी पोराने हातगाडीवरचा पाव उचलला, तर त्याला आणि बँक लुटणाऱ्याला एकाच मापाने मोजावे काय? नियम एका ओळीत मावतो, पण प्रसंगाला अनेक बाजू असतात. हा नियम या प्रसंगाला लागू पडतो काय, पडत असेल तर कितपत, हे प्रकरणाची नीट छाननी करून ठरविण्याची जी विचारपद्धती पाश्चात्य नीतिशास्त्रात वाढली, तिला कॅझुइस्ट्री असे नाव आहे. लॅटिन भाषेतील 'कासुस' म्हणजे प्रसंग अथवा प्रकरण, या शब्दावरून हे नाव आले. मराठीत तिला आपण 'प्रकरण-विचार' म्हणू.

गंमत अशी की, आज हा शब्द इंग्रजीत बहुधा निंदेसाठीच वापरला जातो. आपण ज्याला मखलाशी, शब्दच्छल किंवा पळवाट म्हणतो तोच अर्थ त्याला चिकटला आहे. एक उपयुक्त पद्धती बदनाम कशी झाली, तिची खरी उपयुक्तता कोणती, आणि प्रामाणिक प्रकरण-विचार व मखलाशी यांतील भेद कसा ओळखावा, या तीन प्रश्नांचा प्रस्तुत लेखात आपण विचार करणार आहोत. हा विषय केवळ पुस्तकी नाही. शिष्यवृत्ती देताना, मदतनिधी वाटताना, कोणाला दोष देताना किंवा क्षमा करताना आपण सारे नकळत प्रकरण-विचारच करीत असतो. तो चुकला तर एखाद्या गरजू माणसावर अन्याय होतो, आणि एखादा धूर्त मनुष्य मात्र निसटून जातो.

एक साधे उदाहरण

आम्ही बँकेच्या काउंटरवर काम करणारी माणसे, तेव्हा प्रथम तेथीलच उदाहरण घेऊ. बँकेचा नियम असा की, नमुना-सहीशी सही जुळल्याखेरीज पैसे द्यावयाचे नाहीत. हा नियम कशासाठी? खातेदाराचा पैसा खातेदारालाच मिळावा यासाठी. आता पक्षाघाताने हात लुळा पडलेला एखादा पेन्शनर विचारात घ्या. त्याची सही जुळणे शक्यच नाही. 'सही जुळत नाही' म्हणून त्याला परत पाठविले तर नियमाचे अक्षर पाळले जाईल, परंतु ज्याच्या रक्षणासाठी नियम केला त्याच मनुष्याला स्वतःच्या पैशातून औषध आणता येणार नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये अशा खातेदारांसाठी वेगळी सोय केलेली आहे. हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घेता येतो. मात्र बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी त्याची ओळख पटविली पाहिजे, आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असला पाहिजे. ठसाही उमटविता येत नसेल तर साधी खूण चालते. तिलाही अशाच साक्षी लागतात.

येथे नियमाचा हेतू ओळखून तो हेतू एका नव्या प्रसंगात सांभाळला गेला आहे. सवलत दिली, पण सवलतीबरोबर राखणही ठेवली. उलट, पेन्शनरचा पुतण्या येऊन म्हणाला, "पैसे त्यांनाच द्यायचे ना? मग मी सही केली म्हणून काय बिघडले?" तर शब्द जवळजवळ तेच असले तरी ती पळवाट आहे. कारण खातेदाराच्या रक्षणाचा मूळ हेतूच येथे निकालात निघतो.

पद्धती कशी चालते?

प्रकरण-विचाराच्या सामान्यतः तीन पायऱ्या सांगता येतील. पहिली पायरी म्हणजे नमुना-प्रकरण शोधणे. ज्याविषयी कोणाही समंजस माणसाचे दुमत होणार नाही असे ते प्रकरण असावे. उदाहरणार्थ, झोपलेल्या प्रवाशाचे पाकीट मारणे ही चोरीच होय. दुसरी पायरी म्हणजे समोरचे प्रकरण त्या नमुन्यापासून किती दूर आहे हे पाहणे. यासाठी जुने लोक काही ठराविक प्रश्न विचारीत : कोणी केले, काय केले, कोठे, केव्हा, कशाच्या साहाय्याने, कसे आणि का केले? तिसरी पायरी सर्वांत कठीण. दिसून आलेल्या फरकांपैकी कोणता फरक नीतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे आणि कोणता केवळ वरवरचा आहे, हे येथे ठरवावे लागते.

असा निर्णय गणिताच्या उत्तरासारखा निर्विवाद नसतो. तो अनुभवी डॉक्टरच्या निदानासारखा असतो. डॉक्टरजवळ शास्त्र असते, पण रोग्याला तपासल्याविना तो औषध लिहून देत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने हीच गोष्ट एका दृष्टान्ताने सांगितली आहे. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची पट्टी वापरीत आणि ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. कायदा जेथे सर्वसामान्य बोलल्यामुळे अपुरा पडतो, तेथे न्यायबुद्धीने अशा पट्टीप्रमाणे प्रसंगाला जुळते व्हावे, असे त्याचे म्हणणे होते.

रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यावर लिहिलेल्या ग्रंथात या पद्धतीचे एक नामांकित प्रकरण आले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असून धान्य फार महाग झाले आहे. एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन तेथे पोहोचतो. धान्याने भरलेली आणखी जहाजे मागून येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ही गोष्ट त्याने गिऱ्हाइकांना सांगावी काय? की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? तो खोटे बोलत नाही, केवळ बोलत नाही. सिसेरोने यावर दोन तत्त्वज्ञांची परस्परविरोधी मते मांडली आणि अखेरीस असा कौल दिला की, स्वतःच्या लाभासाठी ज्यांना ती गोष्ट कळणे हिताचे आहे त्यांच्यापासून ती दडविणे हे सरळ माणसाचे वागणे नव्हे. गप्प राहणे वेगळे आणि दडविणे वेगळे, हा बारीक भेद एका प्रकरणामुळे उजेडात आला.

युरोपातील वाढ : व्याजाचे प्रकरण

मध्ययुगीन युरोपात या पद्धतीला मोठी चालना मिळाली. ख्रिस्ती धर्मपीठाने १२१५ साली प्रत्येक प्रौढ भाविकाने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यावी असा नियम केला. आता गावोगावच्या धर्मगुरूंपुढे शेतकरी, सैनिक, व्यापारी, सावकार असे नाना तऱ्हेचे लोक आपापली प्रकरणे घेऊन येऊ लागले. कोणाचा दोष मोठा, कोणाचा लहान, हे ठरविण्यासाठी मार्गदर्शक पुस्तके तयार झाली. १५४० साली मान्यता मिळालेल्या जेझुइट संघाने आपल्या विद्यालयांतून या प्रकरणांचा रीतसर अभ्यास सुरू केला.

या काळातील सर्वांत बोधप्रद प्रकरण व्याजाचे आहे. चर्चची शिकवण अशी होती की, दिलेल्या कर्जावर मुदलापेक्षा एक पैसाही अधिक घेणे हे पाप आहे. या शिकवणीमागील नमुना-प्रकरण होते ते अडल्यानडल्या गरिबाचे. पोटाला अन्न नाही म्हणून जो कर्ज काढतो त्याच्याकडून व्याज उकळणे म्हणजे त्याच्या दुःखावर पैसा कमावणे होय. सावकारी पाशात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु पुढे व्यापार वाढला. एक व्यापारी दुसऱ्याला जहाजभर मालासाठी भांडवल देऊ लागला. हा कर्जदार उपाशी नाही, त्याला नफा होणार आहे. मग दोन्ही प्रकरणे एकच काय? अभ्यासकांनी फरक तपासले. पैसे वेळेवर परत न आल्यामुळे कर्ज देणाऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई मागणे योग्य. तेच पैसे स्वतःच्या धंद्यात घालून त्याला जो नफा मिळाला असता तो बुडाला, तर त्याचीही भरपाई योग्य. अशा रीतीने गरिबाला नाडणारे व्याज आणि भांडवलाचा रास्त मोबदला यांत भेद करण्यात आला. याच सुमारास इटलीत गरिबांसाठी धर्मादाय तारण-कर्जाच्या पेढ्या निघाल्या. पेरुजिया येथील पेढी १४६२ सालची आहे. पेढीचा खर्च भागविण्यापुरती लहानशी आकारणी करण्यास १५१५ साली पोप दहावा लिओ याने मान्यता दिली. गरिबाला नाडू नये हा मूळ हेतू कायम राहिला आणि त्याच हेतूसाठी नियमाचा नवा अर्थ लावला गेला. प्रकरण-विचाराचा हा चांगला उपयोग होय.

बदनामी कशी झाली?

मात्र याच पद्धतीत बिघाडाचे बीजही होते. १५७७ साली स्पेनमधील बार्तोलोमे दे मेदिना या धर्मपंडिताने असे मत मांडले की, एखाद्या प्रश्नावर आधार असलेले एक मत उपलब्ध असेल, तर त्याच्या विरुद्धचे मत अधिक संभवनीय असले तरी पहिल्या मताप्रमाणे वागण्यास हरकत नाही. शंकाग्रस्त माणसाला दिलासा मिळावा हा त्यामागील हेतू होता. पण पुढे काही जणांनी त्याचा अर्थ असा केला की, आपल्या सोयीचे बोलणारा एखादा पंडित सापडला की काम झाले.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. १५८५ च्या कायद्याने तेथे जेझुइट धर्मगुरूंनी देशात राहणे हा राजद्रोह आणि त्यांना आसरा देणे हाही मोठा गुन्हा ठरला. दारात शिपाई येऊन विचारतात, "घरात धर्मगुरू आहे काय?" 'होय' म्हटले तर एका माणसाला फाशी. तेव्हा काही कॅझुइस्टांनी तोड सुचविली की, तोंडाने 'नाही' म्हणावे आणि मनात 'तुम्हाला सांगण्यासारखा नाही' असे जोडावे. म्हणजे देवासमोर वाक्य खरे! एका निरपराध माणसाचा जीव वाचविण्याची ती तळमळ होती, हे आपण मान्य केले पाहिजे. पण मनात शब्द जोडण्याची युक्ती एकदा मान्य झाली की तिला मर्यादा राहत नाही. केलेली गोष्ट 'केली नाही' अशी शपथ घ्यावी आणि मनात 'जन्मण्यापूर्वी' असे म्हणावे, येथपर्यंत ही शिकवण गेली. मग कोणाच्याही कोणत्याही शब्दाला किंमत ती काय उरली?

यावर घणाघाती हल्ला चढविला तो फ्रेंच गणिती व विचारवंत ब्लेझ पास्कल याने. जानेवारी १६५६ ते मार्च १६५७ या काळात टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या १८ पत्रांतून त्याने जेझुइट कॅझुइस्टांची भरपूर टर उडविली. एस्कोबार नावाचा स्पॅनिश लेखक त्याचे विशेष लक्ष्य होता. त्याच्या नावावरून फ्रेंच भाषेत शब्दच्छल करणे या अर्थाचे क्रियापदच रूढ झाले. द्वंद्वयुद्धाला बंदी आहे ना? मग ठरल्या जागी केवळ फिरायला म्हणून जावे, आणि कोणी अंगावर आला तर स्वसंरक्षण करावे, असे नमुने पास्कलने लोकांपुढे ठेवले. तथापि, न्यायाने सांगितले पाहिजे की त्याने निवडून टोकाचीच उदाहरणे घेतली होती, आणि त्याची पत्रेही १६५७ साली चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. पण मार वर्मी बसला होता. १६७९ साली पोप अकरावा इनोसंट याने सैल नीतीची ६५ विधाने निषिद्ध ठरविली. मनात शब्द जोडण्याची युक्तीही त्यांत होती.

पुढे १७९७ साली जर्मन तत्त्वज्ञ कांट याने दुसरे टोक गाठले. खुनी माणूस दारात येऊन तुमच्या घरी लपलेल्या मित्राचा पत्ता विचारीत असला, तरी खोटे बोलण्याचा अधिकार तुम्हाला नाही, असे त्याने प्रतिपादन केले. गंमत म्हणजे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात कांटनेच ठिकठिकाणी 'कॅझुइस्ट्रीचे प्रश्न' अशी टिपणे जोडली आहेत. अत्यंत कडक नियमवाद्यालाही प्रकरणे टाळता आली नाहीत, हाच याचा अर्थ.

विनयपिटकातील प्रकरणे

युरोपातील ही कथा वाचताना आपणास विनयपिटकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कारण तेथेही नियम आधी आणि प्रसंग मागून, असा क्रम नाही. आधी प्रसंग घडतो, मग तथागत नियम घालून देतात, आणि नंतर निरनिराळ्या प्रकरणांत तो तपासला जातो.

चोरीविषयक दुसऱ्या पाराजिकेची कथा पाहा. धनिय नावाच्या भिक्खूला राजगृहात कुटीसाठी लाकूड हवे होते. नगराच्या डागडुजीसाठी आणि आपत्कालासाठी राखून ठेवलेल्या राजाच्या लाकडांच्या रखवालदाराकडे जाऊन त्याने सांगितले की, हे लाकूड राजाने मला दिले आहे. प्रकरण बिंबिसार राजापुढे गेले. तेव्हा धनियाने उत्तर दिले की, राज्याभिषेकाच्या वेळी आपणच श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड आणि पाणी दिल्याचे जाहीर केले होते! शब्द खरे होते. पण राजाने स्पष्ट केले की, ते बोलणे अरण्यात पडलेल्या, कोणाच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूंविषयी होते. धनियाचा युक्तिवाद म्हणजे शब्दाला धरून हेतू सोडणे होय. बिंबिसाराने त्याला भिक्खू म्हणून सोडून दिले. तथागतांनी मात्र त्याचा निषेध केला आणि न दिलेली वस्तू घेण्याविरुद्ध नियम घालून दिला.

याच नियमाखाली पुढे अनेक प्रकरणे येतात. दुसऱ्याचे चीवर आपलेच आहे असे समजून एखाद्या भिक्खूने उचलले असेल तर दोष लागत नाही. चोरण्याच्या हेतूने उचलले तर लागतो. बाह्य कृती एकच, निर्णय वेगळा. कारण अशा ठिकाणी त्या वेळी चित्त कसे होते हे विचारले जाते. महावग्गाच्या भेसज्जखंधकात तर पद्धतीच सांगितलेली आहे. ज्या गोष्टीविषयी स्पष्ट निषेध केलेला नाही, ती निषिद्ध गोष्टीशी जुळणारी असेल तर वर्ज्य समजावी आणि ग्राह्य गोष्टीशी जुळणारी असेल तर ग्राह्य समजावी. ज्ञात प्रकरणावरून अज्ञात प्रकरणाकडे जाण्याची ही रीत होय.

बाबासाहेबांनी केलेला भेद

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात नियम आणि तत्त्व यांतील भेद स्पष्ट केला आहे. नियम काय करावे ते सांगून मोकळा होतो. तत्त्व मात्र विचार करण्याची दृष्टी देते आणि निवडीची जबाबदारी माणसावर टाकते. ज्या कृतीत जबाबदारी नाही ती खऱ्या अर्थाने धार्मिक कृती नव्हे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही त्यांनी अहिंसेकडे तत्त्व म्हणूनच पाहिले आहे, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत फरक केला आहे.

आता आपल्या विषयाशी याचा संबंध लक्षात घ्या. तत्त्व स्वातंत्र्य देते. पण ते स्वातंत्र्य प्रत्येक प्रसंगी कसे वापरावे? येथेच प्रामाणिक प्रकरण-विचाराची गरज लागते. तो नसेल तर 'आम्ही तत्त्व मानतो, नियम नाही' असे म्हणत मनुष्य वाटेल तसे वागू लागेल.

मखलाशीचे बळी कोण?

पळवाटा शोधणारा बहुधा बळवंत असतो आणि त्याची किंमत दुबळ्याला मोजावी लागते. महाडचे उदाहरण आपल्यापुढे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात पाणी मिळाले नाही, म्हणून २० मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि काही सवर्णांनी न्यायालयात दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, हे तळे सार्वजनिकच नव्हे, ते खासगी मालकीचे आहे आणि येथे पूर्वापार रूढी आहे. म्हणजे नियमाला हात न लावता, 'हे प्रकरण नियमात बसत नाही' एवढेच सिद्ध करावयाचे होते. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एका ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टकचेरी करावी लागली.

अमेरिकेतही असेच घडले. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक पाहणी चालविली. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश, म्हणजे सिफिलिस, झालेला होता. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे रामबाण औषध उपलब्ध झाले, तरी रोगाचा क्रम पाहता यावा म्हणून ते त्यांना दिले गेले नाही. माणसाच्या संमतीविना प्रयोग करू नये हा न्यूरेंबर्गचा दंडक १९४७ पासून कागदावर होता. तरीही ही पाहणी १९७२ साली वृत्तपत्रांनी उघड करीपर्यंत चालू राहिली. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली.

या घटनेनंतर १९७४ च्या कायद्याने ११ सदस्यांचा राष्ट्रीय आयोग नेमला गेला. प्रयोगांत माणसांचे रक्षण कसे करावे हे त्याने ठरवायचे होते. त्याचे एक सदस्य अल्बर्ट जॉन्सन आणि आयोगासाठी काम करणारे तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी एक लक्षणीय गोष्ट टिपली. सदस्यांचे धर्म, व्यवसाय आणि विचार भिन्न होते, तरी लहान मुले, कैदी अशा एकेका प्रकरणाचा बारकाईने विचार करताना त्यांचे बहुधा एकमत होई. मतभेद होत ते 'असे का?' याची अंतिम तत्त्वे सांगताना. आयोगाच्या कामातून १९७९ साली बेल्मॉन्ट अहवाल प्रसिद्ध झाला. व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे त्यात मांडली आहेत. पुढे १९८८ साली जॉन्सन व टूल्मिन यांनी कॅझुइस्ट्रीवर ग्रंथ लिहून, दोष पद्धतीचा नसून तिच्या दुरुपयोगाचा आहे, हे दाखवून दिले. आज वैद्यकीय नीतीच्या क्षेत्रात या पद्धतीला पुन्हा मानाचे स्थान मिळाले आहे.

चार कसोट्या

आतापर्यंतच्या विवेचनावरून आपणास पुढील चार कसोट्या काढता येतील.

१) आधी काय आले? प्रकरण तपासून निर्णयाला आलो, की निर्णय मनात ठरवून मग प्रकरणाला तसा आकार दिला? मखलाशीची सुरुवात नेहमी शेवटापासून होते.

२) हेतू शिल्लक राहिला काय? सवलत दिल्यावर नियम ज्यासाठी केला ते काम अजूनही होत असेल, तर तो अर्थ लावणे होय. ते कामच थांबत असेल तर ती पळवाट होय.

३) लाभ कोणाचा? निर्णय घेणाऱ्यालाच किंवा त्याच्या नातलगालाच लाभ होत असेल, तर त्या युक्तिवादाची दुप्पट कसून तपासणी करावी.

४) तो चारचौघांत सांगता येईल काय, आणि उद्या परक्या माणसालाही तीच सवलत देऊ काय? ज्या युक्तिवादाला अंधार लागतो किंवा जो एकाच माणसापुरता चालतो, तो प्रामाणिक नव्हे.

या कसोट्या एका काल्पनिक प्रकरणाला लावून पाहू. समजा, एका संस्थेची शिष्यवृत्ती ६० टक्के गुण मिळविणाऱ्यांसाठी आहे. एका मुलीचे वडील ऐन परीक्षेच्या महिन्यात वारले, तिला ५७ टक्के पडले. दुसऱ्या मुलाला ५८ टक्के पडले. परीक्षेच्या दिवशी त्याचे पोट दुखत होते असे सांगतात, आणि तो खजिनदारांचा पुतण्या आहे. केवळ नियम पाहिला तर दोघेही बाद. केवळ आकडा पाहिला तर मुलगा पुढे. परंतु शिष्यवृत्तीचा हेतू गुणी आणि गरजू विद्यार्थ्याचे शिक्षण थांबू नये हा असेल, तर मुलीच्या प्रकरणातील फरक खरा, पडताळून पाहता येण्यासारखा आणि गरज वाढविणारा आहे. मुलाच्या प्रकरणातील फरक पुराव्याविना आहे. मुलाजवळ डॉक्टरचा दाखला आणि तशीच गरज असेल तर मात्र त्याचाही विचार झाला पाहिजे. केवळ पुतण्या म्हणून त्याला डावलणे हाही अन्यायच. अशा वेळी खजिनदारांनी त्या चर्चेतून बाजूला राहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सवलत का दिली याचे कारण सभेच्या इतिवृत्तात नोंदवावे. पुढील वर्षी तसेच प्रकरण आले, आणि अर्जदाराची कोणाशीही ओळख नसली, तरी त्याला त्या नोंदीचा आधार मिळेल. नोंद नसलेली दया ही मेहेरबानी ठरते. कारणासह नोंदविलेली सवलत पुढच्या गरजूचा हक्क होऊ शकते.

विद्यार्थ्यांसाठी सराव

अभ्यासवर्गात पुढील तीन प्रकरणांवर चर्चा करावी. प्रत्येक वेळी आधी नमुना-प्रकरण सांगावे, मग फरक मांडावेत, आणि शेवटी चार कसोट्या लावाव्यात.

पहिले : परीक्षेत मागे बसलेल्या हुशार पण आजारी मित्राने एका उत्तराची खूण मागितली. मदत करणे हा सद्‌गुण आहे, म्हणून ती द्यावी काय?

दुसरे : दुकानदाराने चुकून वीस रुपये जास्त परत दिले. तो नेहमी वजनात मारतो असा आपला संशय आहे. ते पैसे ठेवावेत काय?

तिसरे : नोकरीच्या अर्जात एका वर्षाच्या अनुभवाची अट आहे. तुमचा अनुभव अकरा महिन्यांचा आहे. 'सुमारे एक वर्ष' असे लिहावे काय? येथे ऱ्होड्सच्या धान्य व्यापाऱ्याचे प्रकरण पुन्हा आठवून पाहावे, आणि जो साहेब तो अर्ज वाचणार आहे त्याच्या खुर्चीत बसूनही एकदा उत्तर द्यावे.